माझ्या नावची निळी जागा

३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. एकटी! भिंतीला हात नाही, सोमाचा खांदा नाही. काठी तेवढी होती.

सोमा, आमची कामवाली, भांडी पुसत होती. मला बघून तिच्या हातातलं झाकण पडलं. मग हसली आणि टाळ्या वाजवायला लागली. म्हटलं, टाळ्या कसल्या वाजवतेस, मी काय दीड वर्षाची आहे? चहा टाक.

चहा उकळतोय तोवर अन्वार आली. माझी सून. तोंडाला कसला तरी हिरवा लेप फासलेला. मला उभी बघून तो लेप जागच्या जागी तडकला. मला वाटलं आता शुक्र मानेल अल्लाहचा. तो मानला तिनं, पण मागाहून. आधी खिडकीपाशी गेली, पडदा ओढला आणि विचारलं — मला ती खालती म्हणते, म्हणजे मावशी — "खालती, कुणी पाहिलं का तुम्हाला?"

कोण पाहणार? आणि पाहिलं तर काय? मी काय नागडी उभी होते?

७ फेब्रुवारी

इनास आली होती. व्यायाम करून घेणारी, इजिप्तची. हात लोहाराचे आणि जीभ माझ्यासारखी, म्हणून आमचं जमतं. म्हणाली, "हज्जा, उन्हाळ्याच्या आत तुम्ही भांडारात जाऊन आपल्या हातानं टोमॅटो निवडाल."

म्हटलं, टोमॅटो गेले खड्ड्यात, मला उम्म नाएफकडे जायचंय. दोन गल्ल्या सोडून तर घर तिचं. पडायच्या आधी रोज जात होते.

"मग गाडीनं जा की. दारात चार उभ्या आहेत."

हिला काय सांगू! या घरातल्या गाड्या सगळीकडे जातात, फक्त मला घेऊन जात नाहीत.

मागल्या रमजानाच्या आधी न्हाणीघरात पडले. खुबा मोडला, आत लोखंड घातलं. डॉक्टर म्हणाले आता चालणं अल्लाहच्या हातात. तेव्हा मिशारी खूप धावला, खोटं कशाला बोलू. मला उचलून नेलं त्यानं, चप्पलसुद्धा न घालता. पोटचा एकुलता एक. आणि त्याच धावपळीत अपंगांच्या कचेरीतून ते निळं कार्ड आणलं. खुर्चीचं चित्र आणि शेजारी माझा फोटो — मेलेल्या माशासारखा. ते कार्ड मिशारीच्या मोठ्या पांढऱ्या गाडीत काचेमागे असतं. ते असलं की बाजाराच्या दारात, बँकेच्या दारात, कॉफीच्या दुकानाच्या दारात निळ्या रंगाची जागा मिळते. सावलीतली. उन्हात लांब गाडी लावून घामाघूम होत यायला नको.

माझ्या फोटोनं जेवढं कुवेत पाहिलं तेवढं मी जन्मात पाहिलं नाही.

पहिल्यांदा मला गंमतच वाटली होती. मिशारी जेवताना म्हणाला, "यम्मा, तुझ्या दुव्यानं आज अगदी दारात जागा!" मीच म्हटलं, जन्नत आईच्या पायाखाली असते म्हणतात, मोटारीची जागाही तिथंच निघाली! सगळे हसले. मीसुद्धा.

१४ फेब्रुवारी

इनास आली नाही. सोमाला विचारलं तर ती छताकडे बघते.

१६ फेब्रुवारी

मिशारी म्हणाला, "यम्मा, ती बाई तुला फार दमवते. तिला नको म्हणून सांगितलं."

"मी कधी म्हटलं दमते?"

"तू म्हणणार नाहीस. मला दिसतं ना."

त्याला दिसतं! याच्या बापाला चष्मा लावून समोरचा उंट दिसायचा नाही, आणि याला माझा दम दिसतो!

१९ फेब्रुवारी

काठी सापडत नाही. सोमा म्हणते मॅडमनी धुवायला नेली. काठी धुतात?

४ मार्च

काल नात्यातलं लग्न होतं. हात दाखवून अवलक्षण करून आले! पण मजा आली. लिहूनच काढते, झोप काही येत नाही.

अन्वारनं मला खुर्चीत घालून नेलं. एरवी खुर्ची सोमा ढकलते, काल स्वतः ढकलत होती. हॉलभर फिरवलं. "खालतींना आता काय, हे असंच..." — असं ज्याला त्याला सांगत. खुर्चीतून मला नुसती बायकांची पोटंच दिसत होती आणि सोन्याचे पट्टे.

मग ढोलवाल्या बायका बसल्या. आताच्या पोरींचा धिंगाणा नव्हे — जुनं गाणं, समुद्रावर गेलेल्यांचं, आमची आई म्हणायची ते. माझ्या बरोबरीच्या दोघी-तिघी उठल्या आणि झग्याची टोकं धरून डुलायला लागल्या. एकीला तर दम्याचा त्रास आहे! ती नाचते आणि मी बसू? माझे पाय आपसूक खाली आले. उठले. गेले मध्ये. डोक्यावरची ओढणी सरकली, सरकू दे. मेंदी लावलेले चार केस उरलेत, तेही हलवले.

जीभ हलवून पहिली किलकारी उम्म नाएफनं मारली. तिचा आवाज मी मुडद्यांतून उठून ओळखेन.

अन्वारचं तोंड मात्र पाहण्यासारखं. नवरी पळून गेली असती तरी एवढं पडलं नसतं.

मग उम्म नाएफ माझ्याशेजारी येऊन बसली. घाम पुसायला रुमाल दिला. म्हणाली, "सबीका, अल्लाहनं पाय दिले गं तुला परत!"

"दिले खरे. तुझ्याकडे येतेच आता चालत. तुझा तो कडू कहवा प्यायला."

"ये. नाएफ विचारत असतो तुला. म्हणतो, शिव्या देणारी खाला कुठं गेली?"

नाएफ तिचा मुलगा. कॉलेजात असताना गाडीचा अपघात झाला, तेव्हापासून कमरेखाली काही नाही. बाप्या माणूस आहे आता, दाढीत पांढरं यायला लागलंय, आणि ती एकटी त्याला उचलते, बसवते, आंघोळ घालते. नोकराला हात लावू देत नाही तो.

ती माझ्या पायांकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "तुझ्या मिशारीची गाडी परवा बँकेसमोर होती. निळ्या जागेत."

एवढंच. ढोल जोरात होते. मी ऐकलंच नाही असं केलं.

५ मार्च

मिशारी दुपारी माझ्या खोलीत आला, मागोमाग अन्वार. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडता आलं असतं. तो खाली बसला आणि माझे पाय हातात घेतले. चुंबन घेतलं एकेकाचं. माझ्या अंगावर काटा आला! लहानपणी असं तोंड करून आला की समजायचं, काहीतरी फोडून आलाय.

"यम्मा, लग्नात कुणी फोन आत नेला होता का?"

मी काही बोलायच्या आत अन्वार म्हणाली, "दारातच काढून घेतले सगळ्यांचे. आणि कुणी चोरून घेतलं असेल तरी दाखवणार कुणाला? बायकांच्या नाचाचं चित्र कचेरीतल्या पुरुषांना दाखवणार? हात झडतील!"

दोघांना हायसं वाटलं. बघा — लाज आमच्या घराची राखण करते, आणि राखण करते कशाची तर लबाडीची!

मग सगळं बाहेर आलं. कचेरीनं जुनी प्रकरणं उकरायला घेतलीत. खोट्या अपंगांची नावं काढतायत, एकेकाला डॉक्टरांसमोर बोलावतायत. मिशारीच्या ओळखीतल्या कुणाला तरी कोर्टात उभं केलं. तोही मिशारीसारखा फरशांच्या धंद्यातलाच.

म्हटलं, "मग देऊन टाक कार्ड. आई बरी झाली म्हणावं. मिठाई वाट."

"आता दिलं तर विचारतील, कधीपासून बरी आहे? मग इतके महिने कार्ड कुणी वापरलं? यम्मा, तू उठलीस की मी पडलो."

"पार्किंगच्या एका जागेसाठी?"

"जागेचं नाही गं ते आता."

खरंच नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि एसी एवढा थंड की माझे दात वाजत होते.

"तपासणी होऊन जाऊ दे," म्हणाला. "तोवर बस. मग घरात हवी तेवढी नाच."

आणि मी हो म्हटलं! करणार काय? मूल आहे. आणि बसायला काय जातं? पाय माझेच आहेत, कुठं पळून जातायत?

२२ मार्च

मला वर हलवलं. माझी खालची खोली पाडून मिशारी दिवानिया मोठी करतोय. पुरुषांना बसून गप्पा छाटायला जागा पुरत नाही म्हणे! वर खोली मोठी आहे. खिडकीतून दुसऱ्याच्या घराची पाण्याची टाकी दिसते.

खाली यायला लिफ्ट आहे. लिफ्टला किल्ली आहे. किल्ली अन्वारकडे आहे. "खालती, पोरं उगाच खालीवर खेळतात म्हणून."

४ एप्रिल

नवी खुर्ची आली. बटण दाबलं की पळते. खुर्ची कसली, बोकड आहे! पहिल्याच दिवशी कपाटाला धडकवली.

१८ एप्रिल

खोटं बोलणार नाही — इथं सुख आहे. चहा हातात, जेवण मांडीवर. सोमा संध्याकाळी तेल लावते. मचबूसच्या भातातला मटणाचा मधला तुकडा माझ्या ताटात येतो, पूर्वी यायचा नाही. मिशारी रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर येतो, माझ्याजवळ बसून कहवा पितो. बाप मेल्यापासून कधी असा बसला नव्हता. काल माझ्या पलंगावर आडवा झाला आणि झोपून गेला, तोंड उघडं टाकून. घोरतो तो अगदी बापासारखा.

बसलेल्या आईला मान असतो. चालत्या आईला कामं असतात.

३० एप्रिल

आज उठून खिडकीपाशी जाणार होते, टाकीवर कबुतर बसलं होतं ते हाकलायला. सोमानं दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. हळूच, पण ठेवले. मला ती मामा म्हणते, म्हणजे आई.

"नको, मामा. मॅडम रागावतील."

"मॅडम कोण? हे घर माझ्या नवऱ्यानं बांधलं!"

"हो, मामा." हात तसेच.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आधीच्या बाईला एका दिवसात विमानात बसवून दिली होती अन्वारनं, ते तिला माहीत आहे. म्हटलं, रडू नकोस, कबुतराला काय, हगू दे.

२९ मे

रमजान लागला. नमाजाला उभं राहायचं म्हणून दार लावून घेतलं आणि पलंगाची कड धरून उठले. गुडघे असे थरथरले की बसलेच. रोजा आहे, पोटात पाणी नाही, त्याचंच हे. खुर्चीत बसून पढले. आजाऱ्याला चालतं म्हणतात.

मी आजारी कुठं आहे?

१२ जून

दिवानियाचं काम चाललंय. दिवसभर ठोकाठोकी. माझ्या खोलीची भिंत पाडली तेव्हा वरची खिडकी हादरली. उम्म नाएफकडून दर रमजानात हरीसची, गहू-मटणाच्या लापशीची वाटी येते, यंदा आली नाही.

२० जून

उम्म नाएफ आली. स्वतः! जिन्यानं. लिफ्टची किल्ली मागितली तर अन्वार झोपलीय म्हणाले. वर आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. अबाया धुळीनं भरलेली, एका हाताला पट्टी.

बसायला सांगितलं तर उभीच. माझ्याकडे, खुर्चीकडे, परत माझ्याकडे.

"पुन्हा पडलीस?"

"नाही."

"मग?"

मी झगा पायांवर ओढला. ती समजली. शेळीसारखे गरीब डोळे आहेत तिचे, पण समजायला वेळ लागत नाही.

मग खाली जमिनीवर बसली आणि सांगितलं. सगळं एका दमात, माझ्याकडे न बघता.

गेल्या मंगळवारी नाएफला दवाखान्यात न्यायचं होतं. भर दुपार. दाराशी दोन निळ्या जागा आहेत. एकीत एका म्हाताऱ्याची गाडी, ऑक्सिजनची नळी लावलेला, त्याचं कार्ड खरं होतं. दुसरीत मिशारीची पांढरी. थांबून राहिली ती, हॉर्न वाजवला. कुणी आलं नाही. नाएफचा डॉक्टर निघून जाईल म्हणून मग पलीकडे वाळूच्या मैदानात गाडी लावली. खुर्ची काढली, त्याला बसवलं, ढकलायला लागली. वाळू संपून डांबर सुरू होतं तिथं पुढचं चाक अडकलं. जोर लावला. खुर्ची पुढे उलटली.

"डांबरावर पडला गं. मला उचलवेना. रोजा होता, हात घामानं निसटत होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्याला तर पायाचं कळतच नाही सबीका, तो मलाच म्हणतोय, यम्मा तू सावलीत जा, मला काही होत नाहीये. आणि मला वास येतोय."

कुणीतरी पाकिस्तानी ट्रकवाला आला, त्यानं उचललं. गुडघ्यांवरची कातडी डांबरालाच राहिली. साय निघावी तशी. आता तो त्याच दवाखान्यात वर आहे, आणि डॉक्टर म्हणतात जखम भरायला अशा पायांत रक्तच नीट फिरत नाही. एक पाय कदाचित काढावा लागेल.

मी म्हटलं, "मला शिव्या दे."

"शिव्या दिल्या की जागा रिकामी होते?"

"मिशारीला दे."

"तो कोण लागतो माझा? काचेमागं तुझा फोटो होता. मी हॉर्न वाजवत होते आणि तू बघत होतीस माझ्याकडे."

माझी जीभ साऱ्या मोहल्ल्याला माहीत आहे. आज ती टाळूला चिकटली.

"भांडायला नाही आले मी," ती म्हणाली. "लग्नात तू नाचलीस तेव्हा मी खूश झाले होते, काब्याची शपथ! मग घरी जाऊन विचार करत बसले. पाय तुला आले. मग जागा माझ्या पोराला का नाही आली?"

म्हटलं, "सप्टेंबरात मला डॉक्टरांसमोर नेणार आहेत. त्यांच्यासमोर उभी राहीन. चालून दाखवीन. कार्ड तिथंच टाकीन."

"मुलगा आहे तुझा."

"तुझा कोण आहे?"

तिनं माझा हात धरला, पट्टीच्या हातानं. मग जिना उतरून गेली. बराच वेळ तिच्या चपलांचा आवाज येत होता.

२५ जून, ईद

घर भरलेलं. मिशारीनं माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, नवी शाल घातली. सगळे गेल्यावर विचारलं, "दवाखान्यासमोर कशाला गेला होतास?"

"कधी?"

"त्या मंगळवारी. उम्म नाएफचं पोर भाजलं तेव्हा."

तो माझी शाल नीट करायला लागला. मग म्हणाला, "दोस्ताला मुलगा झाला होता. बघायला गेलो. यम्मा, वल्लाह, पाच मिनिटं! पाच मिनिटं होती गाडी!"

कुणाची पाच मिनिटं? डांबरावर पडलेल्याची की एसीत गप्पा छाटणाऱ्याची? हे तोंडातून निघालं नाही. हल्ली पुष्कळसं निघत नाही.

"त्यांच्याकडेही कार्ड आहे," म्हणाला. "लवकर यायचं ना मग."

२८ जून

मिशारीनं उम्म नाएफकडे फळांची मोठी टोपली पाठवली, रिबिनी लावलेली. तिनं ती दारातल्या मांजरांपुढे ओतली. ड्रायव्हरनं सोमाला सांगितलं, सोमानं मला. मांजरं आंबे खात नाहीत म्हणे. पडून आहेत तिथंच.

९ जुलै

सरावाला लागलेय. सोमा कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते तेवढ्यात. पलंगाचा खांब धरते, अल्लाहचं नाव घेते, उठते. आज उठले. डोळ्यांपुढे अंधारी आली, खांब हातातून गेला, गादीवरच पडले म्हणून बरं.

पाय आळसावलेत मेले. घोड्याला बांधून ठेवलं तरी महिन्याभरात अडखळतो. सुटतील हळूहळू.

२३ जुलै

नाएफचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

२ ऑगस्ट

सोमाला सांगितलं, तू धर मला, आपण दोघी दारापर्यंत जाऊ. मॅडमला सांगणार नाही. हातातली बांगडी काढून देते म्हटलं. बांगडी घेतली नाही तिनं. दार लावून आली, मला काखेत धरलं. दारापर्यंत नाही पोचलो.

परत बसवताना तिनं माझा झगा जरा वर केला. "मामा, बघा." पोटरी बघितली. माझ्या मुठीत मावली. कोंबडीची तंगडी बरी! म्हटलं, तेल कमी पडतंय. उद्यापासून दोनदा लाव.

ती तेलाची बाटली घेऊन आली.

१९ ऑगस्ट

दिवानिया झाली. वर हसणं ऐकू येतं. माझा पलंग होता तिथं आता मोठा टीव्ही आहे म्हणे.

मिशारी येतो रोज. माझ्याशी लहान मुलासारखं बोलतो. "आमची यम्मा कशी आहे आज?" मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मग तो शाल नीट करतो, पायांवर. त्याला खरंच माया आहे. हेच तर वाईट आहे.

११ सप्टेंबर

उद्या तपासणी.

संध्याकाळी दोघं समोर बसले आणि मला शिकवलं. जसं काही मी पहिलीत आहे! "फक्त बसून राहायचं, यम्मा. विचारलं तर दुखतं म्हणायचं. बाकी मी बोलतो." अन्वारनं केसांची मेंदी झाकेल अशी काळी ओढणी काढून ठेवलीय. आजारी दिसावं म्हणून सुरमाही नको म्हणाली.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, शिकवा, शिकवा. सकाळी पोटभर खाईन. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर द्यायचा आणि एकदम उठायचं, विचार करायचा नाही. लग्नात काय विचार करून उठले होते? ढोल वाजला आणि उठले. चार पावलं पुरेत. चारही नकोत, नुसती उभी राहिले तरी डॉक्टरांना डोळे आहेत. मग मिशारीला काय व्हायचं ते होवो. पैसे आहेत, वकील आहेत. बाहेर येईल तो. नाएफचा पाय कुठून यायचा?

त्याला त्रास होईल. होऊ दे. नऊ महिने मी वाहिलाय त्याला, आता थोडं त्यानं वाहावं.

१२ सप्टेंबर

डॉक्टरीण बाई होती. गोड बोलणारी. म्हणाली, "आजी, उठून दाखवता?"

हात टेकले. जोर केला. काही उठलं नाही. पुन्हा केला. घाम सुटला, खुर्ची करकरली, मी तिथंच.

म्हटलं, मी चालत होते. फेब्रुवारीत चालत होते. लग्नात नाचले! तिनं माझा हात थोपटला. "सगळ्या आज्या असंच म्हणतात हो," म्हणाली आणि कागदावर जन्मभराचा शिक्का मारला.

मिशारीनं गाडी सुरू केली. मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ यम्मा, आपण कुठं खोटं बोललो?"